प्रयोगशाळेचे मेज आणि मुक्या जीवांचा हक्क



आपली मुले-मुली अकरावीच्या विज्ञान शाखेत गेली की जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांची पहिली भेट होते ती सजीवांच्या विविधतेशी. फळीवर काचेच्या बरण्या ओळीने मांडलेल्या असतात. एकीत गांडूळ, दुसरीत तारामासा, तिसरीत बेडूक. शेजारी काचपट्ट्यांची पेटी असते आणि सूक्ष्मदर्शकाखाली तळ्याच्या पाण्याचा एखादा थेंब. विद्यार्थ्याने प्रत्येक नमुना पाहायचा, त्याची सृष्टी, संघ आणि वर्ग ओळखायचा, लक्षणे लिहायची, जर्नलमध्ये आकृती काढायची आणि शिक्षकांची सही घ्यायची, असा हा अभ्यासाचा क्रम आहे.

घरातील वडीलधारी मंडळी या अभ्यासाकडे बहुधा गुणांच्या दृष्टीनेच पाहतात. वैद्यकीय प्रवेशाची चिंता असते, शिकवणीचा खर्च असतो, आणि त्यात काही गैरही नाही. परंतु या मेजापाशी एक प्रश्न उभा राहतो, जो परीक्षेत विचारला जात नाही. ज्या जीवाला आपण शिकण्यासाठी आपल्यासमोर ठेवतो, त्या जीवाचा आपल्यावर काही हक्क आहे काय? असल्यास तो कोणता, आणि तो अदा कसा करावयाचा? श्रद्धावंताच्या घरातील विद्यार्थ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. कारण अल्लाहपुढे ज्या गोष्टींचा जाब द्यावयाचा आहे, त्यांत आपण मुक्या जीवांशी कसे वागलो हीही एक गोष्ट आहे.

आपल्यासारख्याच उम्मती

पवित्र कुरआनच्या सूरह अल-अन्आममधील ३८ वी आयत या बाबतीत पायाभूत आहे. पृथ्वीवर चालणारा प्रत्येक प्राणी आणि दोन पंखांनी उडणारा प्रत्येक पक्षी यांना तिथे मानवांसारख्याच 'उम्मती' म्हटले आहे, आणि शेवटी ते सर्व आपल्या पालनकर्त्याकडे एकत्र केले जातील, असे बजावले आहे. 'उम्मत' हा शब्द आपण रोज वापरतो. स्वतःची ओळख सांगताना वापरतो, दुआ मागताना वापरतो. तोच शब्द अल्लाहने मुंगीसाठी, माशासाठी आणि चिमणीसाठी वापरला आहे, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणुकीत हा शब्द पुन्हा भेटतो. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एका पूर्वीच्या प्रेषितांची हकीकत आली आहे. त्यांना एक मुंगी चावली, तेव्हा त्यांनी मुंग्यांचे संपूर्ण वारूळ जाळविले. त्यावर अल्लाहने त्यांना जाब विचारला की, चावली एकच मुंगी आणि तुम्ही मात्र अल्लाहचे गुणगान करणारी एक उम्मतच नष्ट केलीत. विचार करा, येथे जाब एका प्रेषिताला विचारला जात आहे आणि तोही मुंग्यांच्या वतीने.

अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला एक गोष्ट नेहमी थबकवते. ज्या तक्त्यात गाय आणि वटवाघूळ यांची नावे आहेत, त्याच तक्त्यात सस्तन वर्गाखाली मनुष्याचेही नाव असते. काही पालकांना ही मनुष्याची अवहेलना वाटते. परंतु सूरह अन्-नूरच्या ४५ व्या आयतीने सर्व प्राण्यांची निर्मिती पाण्यापासून झाल्याचे सांगितले आहे आणि त्यांचे पोटावर सरपटणारे, दोन पायांवर चालणारे व चार पायांवर चालणारे असे प्रकारही दाखविले आहेत. शरीराच्या दृष्टीने आपण या सृष्टीचेच घटक आहोत. मनुष्याचे श्रेष्ठत्व त्याच्या हाडांच्या रचनेत नाही, ते त्याच्यावर सोपविलेल्या अमानतीत आहे. गाईला कोणी विचारणार नाही की तू वटवाघळाशी कशी वागलीस. आपल्याला मात्र विचारले जाणार आहे.

नाव ठेवणे आणि नाव जाणणे

सूरह अल-बकरामध्ये (आयत ३१ ते ३३) आदम (अ.) यांना सर्व वस्तूंची नावे शिकविल्याचा उल्लेख आहे. फरिश्त्यांना तीच नावे विचारली गेली, तेव्हा त्यांनी नम्रपणे कबूल केले की, अल्लाहने जेवढे शिकविले त्यापलीकडे आपल्याला काहीच ज्ञान नाही. नावांचे ज्ञान ही मनुष्याला मिळालेली पहिली देणगी होय. प्रयोगशाळेतील विद्यार्थी एखाद्या नेच्याचे किंवा कीटकाचे नाव शिकतो, तेव्हा तो याच देणगीचा लहानसा वाटा उचलत असतो.

उदाहरणासाठी फार दूर जावयास नको. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या शहरांच्या पट्ट्यात जांभूळ नावाचे एक गाव आहे. गावाचे नाव झाडाचे आहे, आणि शेजारच्या बदलापूरच्या जांभळाला तर भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. या झाडाला स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५३ मध्ये 'मिर्टस क्युमिनी' असे नाव दिले. पुढे अभ्यास वाढला तसे ते नाव बदलले. आज वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला 'सिझिजियम क्युमिनी' म्हणतात. आपल्या बिर्याणीत पडणारी लवंग याच प्रजातीतील आहे, आणि पेरू व निलगिरी त्याच कुलातील. पावसाळ्याच्या तोंडावर जीभ जांभळी करणारे फळ आणि मसाल्याच्या डब्यातील लवंग ही एकमेकांची आप्त आहेत. फूल, पान आणि बी निरखून पाहिल्याविना हे नाते कोणाच्या ध्यानात आले असते?

नावे बदलतात, वर्गीकरणही बदलते. लिनियसने सजीवांच्या दोनच सृष्टी मानल्या होत्या, वनस्पती आणि प्राणी. रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९६९ मध्ये मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती आणि प्राणी अशी पाच सृष्टींची मांडणी केली. १९९० मध्ये कार्ल वूज व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याही वर जाऊन तीन अधिक्षेत्रांची कल्पना मांडली. यावरून विज्ञानाला कमी लेखण्याचे कारण नाही. उलट ही विज्ञानाची प्रामाणिकताच होय. वर्गवारी मनुष्य करतो, निर्मिती अल्लाहची आहे. आपले कपाट निर्मितीला पुरत नाही असे दिसले की कपाटाची मांडणी बदलावी लागते. फरिश्त्यांनी दिलेली कबुली येथेही लागू पडते.

सूरह फातिरच्या २७ व २८ व्या आयती या संदर्भात एकत्र वाचाव्यात. पाऊस, त्यातून उगवणारी वेगवेगळ्या रंगांची फळे, पर्वतांतील पांढरे, लाल व काळेभोर पट्टे, तसेच माणसे, जनावरे व गुरे यांचे नानाविध रंग यांचा उल्लेख करून लगेच सांगितले आहे की, अल्लाहचे भय खऱ्या अर्थाने त्याच्या ज्ञानी दासांनाच वाटते. 'उलमा' हा शब्द येथे सृष्टीच्या विविधतेच्या वर्णनाला लागून आला आहे. म्हणजे या विविधतेकडे पाहणाऱ्याच्या मनात अल्लाहचे भय निर्माण व्हावे, हे त्या पाहण्याचे फळ आहे. ते फळ हाती आले नाही, तर केवळ नावांची यादी पाठ झाली असे म्हणावे लागेल.

पहिला हक्क : खरे पाहणे

मेजावरील जीवाचा पहिला हक्क असा की, त्याच्याविषयी खरे तेच लिहिले जावे. वरवर पाहता ही मामुली गोष्ट वाटते. परंतु आपल्या महाविद्यालयांतील जर्नलांची स्थिती आपण जाणतो. गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याचे जर्नल मिळवावे, आकृत्या छापून घ्याव्यात, 'निरीक्षण' या शीर्षकाखाली न पाहिलेले निरीक्षण उतरवावे आणि सही मिळवावी, ही रीत इतकी रुळली आहे की तिच्यात काही चुकीचे आहे असेही वाटेनासे झाले आहे.

निरीक्षण लिहिणे म्हणजे साक्ष देणे होय. 'मी हे पाहिले' असे विद्यार्थी त्या पानावर सांगत असतो. न पाहता तसे लिहिणे ही खोटी साक्ष ठरते, मग ती पॅरामेशियमविषयी का असेना. सूरह अल-इस्राच्या ३६ व्या आयतीने ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागण्यास मनाई केली आहे आणि कान, डोळे व अंतःकरण या सर्वांबाबत विचारणा होईल असे बजावले आहे. डोळ्यांची विचारणा केवळ निषिद्ध दृश्य पाहिल्याबद्दलच होईल असे नव्हे. जे पाहावयास हवे होते ते न पाहता 'पाहिले' असे म्हटल्याबद्दलही ती होऊ शकते.

आपल्या पूर्वजांना ही जाणीव होती. बसरा येथील अल-जाहिज (मृत्यू हिजरी २५५) यांनी 'किताबुल हयवान' या बहुखंडी ग्रंथात प्राण्यांविषयीची अफाट माहिती गोळा केली. ॲरिस्टॉटलचा ते आदर करीत, तरीही त्याची विधाने डोळे मिटून स्वीकारीत नसत. अनुभवाला आणि प्रत्यक्ष पाहण्याला ती उतरतात की नाही, हे ते तपासत. पुढे ज्यांच्याकडून अनेकांनी औषधी वनस्पतींचे ज्ञान घेतले, ते इब्न अल-बैतार (मृत्यू १२४८) अंदालुसियापासून शामपर्यंत हिंडून वनस्पती प्रत्यक्ष पाहत राहिले. आज आपल्या मुलाला सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावण्याचीही सवड नसेल, तर त्या वारशाचा अभिमान आपण कोणत्या तोंडाने सांगावा?

दुसरा हक्क : व्यर्थ मरण न येणे

दुसरा हक्क अधिक कठीण आहे. शिकण्यासाठी एखाद्या जीवाला मारणे योग्य आहे काय?

भारतातील अनेक पिढ्यांनी प्राणिशास्त्र शिकले ते बेडूक कापून. 'राना टायग्रिना' या नावाने ओळखला जाणारा आणि आता 'हॉप्लोबॅट्रॅकस टायगरिनस' म्हटला जाणारा मोठा बेडूक हा त्यासाठीचा ठरलेला प्राणी होता. भातखाचरांतील हाच बेडूक परदेशी ताटांसाठीही मोठ्या प्रमाणात पकडला जाई. पिकांवरील किडे खाणारा प्राणी शेतांतून नाहीसा होऊ लागला, तेव्हा १९८७ मध्ये भारताने बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. प्रयोगशाळांच्या बाबतीत विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१४ मध्ये त्यापुढचे पाऊल उचलले.

बेडकाविषयी आपल्याकडे फार जुने मार्गदर्शन आहे. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात नमूद आहे की, एका वैद्याने बेडकाचा औषधात उपयोग करण्याविषयी विचारले असता प्रेषितांनी (स.) बेडूक मारण्यास मनाई केली. येथे विचारणारा वैद्य होता आणि त्याचा हेतू उपचाराचा होता, हे लक्षात घ्यावे. नसाई यांच्या संग्रहात चिमणीविषयीची हदीस आहे. जो कोणी चिमणीला निष्कारण मारील, त्याच्याविरुद्ध ती कियामतच्या दिवशी अल्लाहकडे फिर्याद करील की, याने मला कोणत्याही लाभाविना व्यर्थ मारले. या हदीसमधील कसोटी स्पष्ट आहे. त्या मरणातून खरा आणि आवश्यक लाभ झाला काय, हे विचारले जाणार आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. त्यांचा विचार करणे जरूर आहे.

पहिला आक्षेप असा : आपण ईदुल-अजहाला कुर्बानी देतो, एरवीही मांस खातो, मग एका बेडकाची एवढी चिंता कशासाठी? उत्तर कुर्बानीच्याच रीतीत आहे. जनावर जबह करताना अल्लाहचे नाव घेतले जाते, कारण तो प्राण आपल्या मालकीचा नाही, मालकाच्या परवानगीने आणि त्याने ठरविलेल्या हेतूसाठीच तो घेतला जात आहे. मुस्लिम यांच्या संग्रहातील हदीसनुसार अल्लाहने प्रत्येक गोष्टीत इहसान, म्हणजे उत्तम रीत, बंधनकारक केली आहे. म्हणून सुरी धारदार करावी आणि जनावराला यातना होऊ देऊ नयेत. एवढ्या अटी पाळून ज्याला प्राण घेण्याची परवानगी आहे, त्याला बेपर्वाईने प्राण घेण्याची मुभा कशी असेल?

दुसरा आक्षेप विज्ञानाच्या बाजूने येतो : पूर्वीच्या अभ्यासकांनी नमुने गोळा केले नसते, तर आज आपल्याला एवढे ज्ञान मिळालेच नसते. हे खरे आहे, आणि त्याचा साक्षी आपल्याच मुंबईचा आहे. डॉ. सालीम अली (१८९६–१९८७) यांनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. तिची ओळख पटविण्यासाठी मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तेथील सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्या मुलाला जतन केलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखविला, आणि भारताला त्याचा थोर पक्षितज्ज्ञ मिळाला. पुढेही त्यांनी संशोधनासाठी पक्ष्यांचे नमुने गोळा केले. परंतु त्यांचे एक महत्त्वाचे संशोधन पाहा. १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीम येथे त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांचे दिवसेंदिवस धीराने निरीक्षण केले. नर घरटे अर्धवट विणतो, मादी ते पसंत करते, मग तो ते पूर्ण करतो आणि पुन्हा नव्या घरट्याला लागतो, हे त्यांना त्या पाहण्यातून उमगले. हे ज्ञान बंदुकीने मिळणारे नव्हते.

यातून कसोटी निघते. जे ज्ञान जगात कोणालाच नाही आणि जे मिळविण्याचा दुसरा मार्ग नाही, त्यासाठी संशोधकाने किती पुढे जावे यावर जाणत्यांनी विचार करावा. परंतु हजारो वेळा पाहिले गेलेले, पुस्तकांत छापलेले, प्रतिकृती व चित्रफितींतून स्पष्ट दिसणारे बेडकाचे हृदय पुन्हा एकदा पाहण्यासाठी त्याचा प्राण घेणे हे व्यर्थ मरणच होय. बरणीतील जुना नमुना वर्षानुवर्षे शेकडो विद्यार्थ्यांना शिकवितो. म्हणून तो जपून हाताळावा, त्याची थट्टा करू नये. झुरळाचे पाय उपटून हसणारा विद्यार्थी जीवशास्त्र शिकत नाही, तो निर्दयता शिकत असतो.

मारणे केव्हा योग्य ठरते, हेही जांभूळ गावातच पाहावयास मिळते. तेथे औद्योगिक विकास महामंडळाचे जलशुद्धीकरण केंद्र आहे. बारवी धरणाचे पाणी शुद्ध होऊन आसपासच्या शहरांत जाते ते येथूनच. पाणी शुद्ध करण्याच्या रूढ पद्धतीत तुरटीने गाळ खाली बसवितात, वाळूच्या थरांतून पाणी गाळतात आणि क्लोरीनने रोगजंतू मारतात. हे जंतूही जीवच आहेत. तरी मनुष्याचा जीव वाचविणे ही खरी निकड असल्याने त्यात दोष नाही. विंचू, उंदीर, पिसाळलेला कुत्रा अशा उपद्रवी प्राण्यांना मारण्याची मुभा हदीसने दिली आहे, तीही याच कारणाने. ज्या सूक्ष्मदर्शकातून विद्यार्थी थेंबातील जीव पाहतो, त्यातूनच त्याला हा विवेक शिकता येईल की, निकड वेगळी आणि सवय वेगळी.

तिसरा हक्क : त्यांचे घर

प्रेषितांसोबतच्या (स.) एका प्रवासात काही साथीदारांनी एका पक्षिणीची दोन पिले उचलली. ती पंख फडफडवीत येऊ लागली. प्रेषितांनी (स.) विचारले की, हिला हिच्या पिलांवरून कोणी दुःख दिले? आणि पिले परत ठेवावयास सांगितले. अबू दाऊद यांनी ही हकीकत नोंदविली आहे. पिले मेली नव्हती, केवळ घरट्यातून हलविली गेली होती. तेवढ्यानेही हक्क डावलला गेला होता.

आता आपल्या नद्यांकडे पाहावे. अंबरनाथच्या प्राचीन मंदिराजवळून वाहत उल्हासनगरात येणाऱ्या वालधुनी नदीचे कारखान्यांच्या आणि वस्त्यांच्या सांडपाण्याने काय झाले, हे त्या भागातील प्रत्येक कुटुंबाला वासावरूनही कळते. उल्हास नदीवर उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील आहे. सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरसवर ती पोसली जाते, पाण्यात सूर्यप्रकाश पोहोचू देत नाही, आणि पाण्यातील प्राणवायू घटून मासे गुदमरतात. पाहणाऱ्याला नदी हिरवीगार दिसते, परंतु त्या हिरवाईखाली असंख्य उम्मतींची वस्ती उठलेली असते. सूरह अर्-रहमानमध्ये (आयत ७ ते ९) अल्लाहने 'मीजान' म्हणजे संतुलन स्थापिल्याचे आणि त्यात अतिक्रमण करण्यास मनाई केल्याचे सांगितले आहे. काठोकाठ जलपर्णीने भरलेली नदी हे त्या अतिक्रमणाचे डोळ्यांसमोरचे उदाहरण होय. बरणीतील मासा ओळखता आला आणि नदीतील मासा मेल्याचे दुःख झाले नाही, तर शिक्षण अपुरे राहिले.

आपण काय करावे

पालकांनो, आपल्या मुलाचे जर्नल एकदा हातात घ्यावे. 'किती गुण?' या प्रश्नाआधी 'हे तू स्वतः पाहिलेस का?' असे विचारावे. मुलगी सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या अमीबाचे वर्णन करू लागली, तर ते कौतुकाने ऐकावे. घरात 'सुब्हानल्लाह' म्हणण्याची ती एक उत्तम वेळ आहे. शिक्षकांनी न पाहता काढलेल्या आकृतीवर सही करू नये. आणि विद्यार्थ्यांनो, जिवंत प्राण्याला इजा करण्याचा प्रसंग आला तर अदबीने विचारावे की, हे शिकण्याचा दुसरा मार्ग आहे काय? बहुतेक वेळा तो असतोच. सुट्टीच्या दिवशी वही-पेन्सिल घेऊन एखाद्या तळ्याकाठी किंवा जांभळाच्या झाडाखाली तासभर बसावे. त्या एका झाडावर मुंग्या, कोळी, सुरवंट, पक्षी, शैवाक आणि बुरशी यांच्या किती उम्मती नांदतात, ते मोजून पाहावे. ही प्रयोगशाळा सर्वांना खुली आहे आणि तिथे कोणाचाही प्राण घ्यावा लागत नाही.

सूरह हूदच्या सहाव्या आयतीनुसार पृथ्वीवरील प्रत्येक जीवाच्या उपजीविकेची जबाबदारी अल्लाहने स्वतःवर घेतली आहे, आणि तो कुठे राहतो व कुठे विसावतो हेही तो जाणतो. ज्याची काळजी खुद्द निर्माणकर्ता वाहतो, त्या जीवाला आपण मेजावर ठेवतो तेव्हा आपण दुसऱ्याची अमानत हाताळत असतो. अमानत पाहावी, तिच्यातून शिकावे, आणि तिच्या मालकाला तोंड दाखविता येईल अशा रीतीने ती परत करावी.

अल्लाह आपल्या मुलांना लाभदायक ज्ञान देवो, त्यांच्या डोळ्यांना खरे पाहण्याची आणि त्यांच्या हातांना दया करण्याची सवय लावो. आमीन.